बँक, खरेदीदार आणि मोबाइलचा कॅमेरा: कोकणातल्या छोट्या उद्योगासाठी सादरीकरणाचं मार्गदर्शन

बोलणी फिसकटतात ती बहुतेक वेळा माल खराब म्हणून नव्हे. वाशीचा व्यापारी विचारतो, "पेट्या किती, कोणत्या तारखेला?" आणि बागायतदार सांगत बसतो की आजोबांनी कलमं कधी लावली. बँकेतला अधिकारी हप्त्याचा हिशेब शोधत असतो आणि समोर गावाच्या निसर्गाचे फोटो सरकत राहतात. मुंबईचं कुटुंब देवबागेतल्या होमस्टेचा व्हिडिओ बघतं, त्यात माड असतात, समुद्र असतो, सूर्यास्त असतो, बाथरूम तेवढं नसतं. ते दुसरीकडे बुकिंग करतात आणि आपल्याला वाटतं दर जास्त झाला.

समोरच्या माणसाला काहीतरी ठरवायचं असतं. ते ठरवायला लागणारी माहिती त्याला हव्या त्या क्रमाने, नीट ऐकू येईल आणि नीट दिसेल अशी द्यायची. सादरीकरण म्हणतात ते हेच, मग ते बँकेच्या टेबलासमोर असो की मोबाइलच्या पडद्यावर. कॅमेरा, माइक, स्लाइड ही सगळी त्यानंतरची गोष्ट.

आधी कागद, मग कॅमेरा

कुठल्याही भेटीच्या किंवा कॉलच्या आदल्या दिवशी एका कागदावर तीन ओळी लिहा. पहिली: समोरच्याला आज काय ठरवायचं आहे. दुसरी: त्याला कशाची भीती वाटते. तिसरी: बोलणं संपल्यावर त्याने कोणती एक गोष्ट करावी, अशी आपली अपेक्षा आहे.

यातली दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच कोणी लिहीत नाही. हापूस घेणाऱ्याची भीती म्हणजे साका. फळ बाहेरून देखणं, कापल्यावर आत फिकट, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरून हे ओळखता येत नाही, हे खरेदीदारालाही ठाऊक असतं. म्हणून "आमच्या मालात साका निघतच नाही" असं म्हणणाऱ्यावर त्याचा विश्वास बसत नाही. त्याऐवजी सांगावं: फळ चौदा आणे, म्हणजे सोळातले चौदा भाग, तयार झाल्यावर काढतो, झाडावर जास्त पिकू देत नाही, काढलेलं फळ तापलेल्या कातळावर न ठेवता सावलीत नेतो, आणि साका निघालाच तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या बिलात तेवढी रक्कम वळती करून देऊ. ही चार वाक्यं तयार असली की दरावरची घासाघीसही कमी होते, कारण दर पाडण्यामागे बऱ्याचदा हीच भीती असते.

काजूगराच्या खरेदीदाराची भीती ओलाव्याची आणि तुकड्यांच्या मिसळीची. होमस्टेच्या पाहुण्याची भीती संडास-बाथरूमची आणि गाडी दारापर्यंत येईल की नाही याची. बँकेची भीती हप्त्याची. प्रत्येकाला त्याच्या भीतीचं उत्तर पहिल्या दोन मिनिटांत मिळालं पाहिजे.

बँकेसमोर: आकडे तोंडपाठ हवेत

शाखेत प्रोजेक्टर असेल असं धरून चालू नका. आठ ते दहा पानांचा छापील संच दोन प्रतींत न्या, एक साहेबांसाठी आणि एक आपल्यासाठी, दोन्हींवर पानांचे क्रमांक घातलेले. सोबत मालाचा नमुना न्या. वेळ दहा-पंधरा मिनिटांचा मिळतो, त्यातही फोन येतात, कोणी सहीला येतं. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं पान पहिलं ठेवा: एकूण खर्च किती, स्वतःचे किती, कर्ज किती, महिन्याचा हप्ता किती, तो कशातून फिटणार.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं आणि स्वतःचा वाटा किमान १० टक्के घालावा लागतो. अनेक जण बँकेत गेल्यावर अनुदानापासूनच सुरुवात करतात. ते उलट पडतं. अधिकाऱ्याला वाटतं, माणूस धंद्यासाठी आलेला नाही, अनुदानासाठी आलाय. अनुदान शेवटून दुसऱ्या पानावर.

पहिलं मिनिट असं बोलता येईल: "साहेब, नमस्कार. मी वेंगुर्ल्याजवळ काजू प्रक्रिया सुरू करतोय. वर्षाला १० टन बी फोडणार, त्यातून साधारण अडीच टन गर निघेल. यंत्रासाठी ६ लाखांचं मुदत कर्ज हवंय, पाच वर्षांसाठी. गर घेणारे दोन व्यापारी ठरलेत, त्यांची पत्रं तिसऱ्या पानावर आहेत. हप्ता कसा फिटतो ते दुसऱ्या पानावर दाखवतो." बस. पुढे अधिकारी स्वतः पान उलटतो.

आता दुसऱ्या पानावरचा हिशेब, कारण सादरीकरण खरं इथे तरतं किंवा बुडतं. चार किलो बीपासून साधारण एक किलो गर, म्हणून १० टन बीचा अडीच टन गर. समजा व्याज सोडून बाकी सगळा खर्च जाऊन किलोमागे १०० रुपये सुटतात, म्हणजे वर्षाला २.५ लाख. सहा लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला साधारण १३,०५० रुपये, वर्षाला १.५७ लाख. कमाई हप्त्याच्या १.६ पट दिसते. बहुतेक अर्जदार इथे थांबतात.

अधिकारी थांबत नाही. काजू बी बाजारात येते मार्च ते मे. वर्षभराची बी त्या तीन महिन्यांतच घेऊन, वाळवून ठेवावी लागते. किलोला १२० रुपये धरले तर १० टन बीचे १२ लाख रुपये एकदम अडकतात. हे खेळतं भांडवलही बँकेचंच असेल, तर माल विकत जाईल तसतसं ते कमी होत जातं असं धरून वर्षभराची सरासरी ६ लाख आणि त्याचं व्याज ६६ हजार. २.५ लाखांतून ते गेलं की उरतात १.८४ लाख. कमाई हप्त्याच्या जेमतेम १.२ पट होते. ज्याने हा हिशेब घरी केलेला नसतो तो इथे गप्प होतो आणि अर्ज "नंतर बघू"त जातो. ज्याने केलेला असतो तो म्हणतो, "म्हणून पहिल्या वर्षी निम्मी बी स्वतःची घेणार आणि उरलेल्या क्षमतेत गावातल्या बागायतदारांची बी मजुरीवर फोडून देणार. त्यांचे भांडवल, आपली मजुरी." हे उत्तर कुठल्याही रंगीत स्लाइडपेक्षा जास्त काम करतं.

प्रकल्प अहवाल बऱ्याचदा दुसऱ्याने बनवून दिलेला असतो. त्यात वाईट काही नाही, पण त्यातले पाच आकडे न बघता सांगता आले पाहिजेत: एकूण खर्च, वर्षाची क्षमता, किलोमागची कमाई, महिन्याचा हप्ता, आणि किती विक्री झाली की नफा-तोटा समान होतो. घरात कोणाला तरी समोर बसवून हे पाच आकडे उलटसुलट क्रमाने विचारायला लावा.

बचत गटातर्फे दोघीतिघी जात असतील तर विषय वाटून घ्या. एकीने माल आणि बाजार, दुसरीने हिशेब. मध्येच एकमेकींना दुरुस्त करायचं नाही. राहिलेलं काही असेल तर शेवटी "वहिनींच्या बोलण्यात एक गोष्ट जोडते" असं म्हणून जोडायचं.

स्लाइड असतील तर

देवनागरीला वरही मात्रा आणि खालीही उकार असतात. इंग्रजीसाठी ठरलेलं ओळींमधलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसते. ओळींचं अंतर १.२ ते १.३ ठेवा. अक्षर किमान २४ पॉइंटचं. समोरचा मोबाइलवर बघणार असेल तर ३२ च्या खाली जाऊ नका. अंगठ्याएवढ्या जागेत सहा ओळींची स्लाइड कोणालाही वाचता येत नाही.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक अक्षरांत बदलतो. मंगल, निर्मला, मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे युनिकोड फॉन्ट वापरा आणि पाठवताना नेहमी पीडीएफ करून पाठवा. पीडीएफ आधी स्वतःला व्हॉट्सॲप करून, दुसऱ्या एखाद्या फोनवर उघडून बघा. जोडाक्षरं तुटलेली असतील तर तिथेच कळतं.

व्हिडिओ कॉल: आवाज, उजेड, नेट, वीज

चित्र अंधुक असलं तरी माणूस चालवून घेतो. आवाज तुटला की कॉल संपला. म्हणून पैसे असतील ते आधी आवाजावर घाला. साध्या कॉलला मोबाइलसोबत मिळणारे वायरचे इअरफोन लॅपटॉपच्या अंगच्या माइकपेक्षा कितीतरी बरे, कारण माइक तोंडाजवळ येतो. कॉलरचा वायरवाला माइक घेतलात तर हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि मंगळसूत्र, चेन किंवा ओढणी त्याला घासत नाही ना ते बघा. घेताना पिन तपासा: मोबाइलला चार भागांची, म्हणजे तीन काळ्या कड्यांची पिन लागते. दोन कड्यांची पिन कॅमेऱ्यासाठी असते, ती मोबाइलला लावली तर मोबाइल आपलाच माइक वापरत राहतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ओळखायची खूण सोपी: रेकॉर्डिंग सुरू करून कॉलरच्या माइकवर नखाने हलकेच खरवडा. खरखर मोठी आली नाही तर तो चालू नाही. नव्या फोनला गोल पिनची जागाच नसते, त्यांना टाइप-सीचा माइक घ्यावा.

खोली निवडताना टाइल्स, काच आणि सिमेंटच्या मोकळ्या भिंती टाळा. तिथे आवाज घुमतो. सारवलेल्या जमिनीचं माजघर उत्तम. ते नसेल तर ज्या खोलीत गाद्या, गोधड्या, कपाटं आहेत ती घ्या. समोरच्या भिंतीवर, म्हणजे आपण ज्या दिशेला तोंड करून बोलतो तिकडे, दोरीवर एक जाड गोधडी टाकली तरी फरक लगेच जाणवतो.

पत्र्याचं छप्पर असेल तर जून ते सप्टेंबर त्याखाली कॉल घेऊ नका. सर आली की समोरच्याला नुसता घों घों आवाज जातो. झूमसारखी ॲप पार्श्वभूमीचा आवाज कापायचा प्रयत्न करतात, पण पावसाचा आणि लाटांचा आवाज इतका पसरट असतो की तो कापताना आपले शब्दही कापले जातात. याच कारणाने किनाऱ्यावर बसून कॉल घेणं टाळा. आपल्या कानाला लाटा गोड लागतात, माइकला त्या नुसती खरखर ऐकवतात.

उजेड समोरून हवा. खिडकी किंवा पडवी आपल्या पुढ्यात, पाठीमागे कधीच नाही. पाठीमागे असली तर चेहरा काळा पडतो. दुपारच्या उन्हात थेट बसू नका, डोळ्यांखाली सावल्या पडतात. ओटीवर बसताना जवळ जांभ्याची उघडी भिंत असेल तर तिचा लालसर रंग चेहऱ्यावर आणि मालावरही येतो. पलीकडून पांढरी चादर धरली की तो निघून जातो. रात्री कॉल असेल तर एकच पांढरा दिवा पडद्याच्या मागे, डोळ्यांच्या थोडा वर ठेवा. पिवळा आणि पांढरा असे दोन रंगांचे दिवे एकदम लावू नका, कॅमेरा गोंधळतो.

फोन डोळ्यांच्या उंचीवर आणा. पाटावर तांदळाचा डबा, त्याला टेकवून फोन, खाली दोन रबरबँड. यापेक्षा जास्त काही लागत नाही. अंतर दोन ते अडीच फूट, डोक्यावर चार बोटं जागा. बोलताना लेन्सकडे बघा, ऐकताना पडद्याकडे बघितलं तरी चालतं. स्वतःचं चित्र पडद्यावर दिसत असेल तर ते लपवा, नाहीतर डोळे सारखे तिकडेच जातात.

नेटबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: डाउनलोडचा वेग बघून उपयोग नाही, आपला आवाज आणि चित्र जातं ते अपलोडवर. वेग तपासणाऱ्या ॲपवर अपलोड दोन एमबीपीएसच्या वर आणि स्थिर दिसला तर निश्चिंत राहा. सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, रेंज असते, खाली वाडीत नसते, हे घरोघरी ठाऊक आहे. पण संध्याकाळी सात ते दहा या वेळात सगळे व्हिडिओ बघत असताना तोच टॉवर मंदावतो, हे कॉलची वेळ ठरवताना विसरलं जातं. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन जवळ चार्ज करून ठेवा. नेट अडखळू लागलं तर क्रम असा: आधी आपला व्हिडिओ बंद, मग घरातले बाकीचे फोन वायफायवरून काढायचे, तरी जमलं नाही तर सरळ साधा फोन लावायचा. पीडीएफ आधीच पाठवलेली असेल तर साध्या फोनवरही "चौथं पान बघा" म्हणत काम पुढे जातं.

विजेचं काय? फायबरचं कनेक्शन असेल तर दिवे गेल्यावर नेट जातं ते बहुतेक वेळा घरातला डबा बंद पडल्यामुळे. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावा. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेक १२ व्होल्टचे असतात. न जुळणारा लावला तर राउटर सारखा बंद-चालू होतो. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा. पावसाळ्यात विजा चमकत असताना मात्र सगळं प्लगमधून काढा आणि कॉल मोबाइलच्या बॅटरीवर घ्या.

खरेदीदाराचा कॉल

वेळ त्याच्या सोयीची. वाशीच्या फळबाजारात पहाटेपासून गाड्यांची आवक आणि विक्री चालते, त्यामुळे तिथल्या व्यापाऱ्याला सकाळी फोन केला तर तो हो-ला-हो करून ठेवून देतो. दुपारी बोला. दुबई आपल्यापेक्षा दीड तासाने मागे, कतार-कुवेत अडीच तासांनी. लंडन एरवी साडेपाच तासांनी मागे असतं, पण मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणजे आंब्याच्या हंगामात फरक साडेचार तासांचा. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी सरकारी कचेऱ्या अर्धा दिवस. शुक्रवारी दुपारी तिथल्या आयातदाराला गाठू नये.

झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांनी कॉल तुटतो. मोठी बोलणी असतील तर दराचा विषय तिसाव्या मिनिटाच्या आत आणा.

माल दाखवताना सजवलेली पेटी दाखवू नका, उघडताना दाखवा. टेबलावर पांढरा कागद अंथरा, शेजारी वजनकाटा. पेटीतून समोरचा म्हणेल ते फळ काढायचं: "दुसऱ्या थरातलं डावीकडून तिसरं?" काढा, काट्यावर ठेवा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा आणि मोठ्याने वाचा. मग देठ, मग खालचं टोक, मग सावकाश गोल फिरवा, एका फेरीला पाच-सहा सेकंद. फळ घाईत फिरवलं तर व्हिडिओ कॉलवर नुसती पिवळी रेघ दिसते. शेवटी त्याच्या देखत एक फळ कापा. पिवळ्या बल्बखाली हे सगळं करू नका. कच्चं फळ तयार दिसतं आणि आठ दिवसांनी भांडण होतं.

काजूगर असेल तर आकड्यात बोला. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अखंड गर. डब्ल्यू-२४० मध्ये २२० ते २४०. कॅमेऱ्यासमोर ४५४ ग्रॅम तोलून मोजायला वेळ लागतो, म्हणून आधी मोजून त्याचा सलग न कापलेला व्हिडिओ पाठवा आणि कॉलवर फक्त ओलाव्याचा आकडा आणि पॅकिंगची तारीख दाखवा.

भाषेबद्दल: आपल्या मराठीला पुण्याचा मुलामा द्यायची गरज नाही. मालवणी हेल असू दे, तो ऐकून मुंबईतला चाकरमानी उलट खुलतो. पण शब्द समोरच्याला कळले पाहिजेत. गुजराती शेठना आगळ आणि सरबत यांतला फरक एका वाक्यात हिंदीत सांगता आला पाहिजे: आगळ म्हणजे मीठ घातलेला, बिनसाखरेचा रस. इंग्रजीत बोलावं लागलं तर छोटी वाक्यं, आणि आकडे दोनदा. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडा बोलून लगेच चॅटमध्ये टाइप करा.

दर विचारला की दर सांगा. मग थांबा. दर सांगून लगेच "पण कमीजास्त करता येईल" असं स्वतःच म्हणणं ही सर्रास होणारी चूक आहे. कॉलवर तीन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते, पण समोरचा त्या वेळात हिशेब करत असतो. उत्तर माहीत नसेल तर "उद्या दुपारी दोनपर्यंत कळवतो" म्हणा आणि त्याआधी कळवा.

मिनिटभराचा व्हिडिओ

हा आपण नसताना आपल्या वतीने बोलतो, म्हणून यावर वेळ घालवलेला फुकट जात नाही.

फोनचं सेटिंग १०८० पी ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब किंवा एलईडीखाली सेकंदाला ३० फ्रेमवर घेतलं तर चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात. फोनमध्ये २५ फ्रेमचा पर्याय असेल तर तो घ्या, शटर हाताने ठरवता येत असेल तर १/५० किंवा १/१००. काहीच नसेल तर दिवे बंद करून दिवसाच्या उजेडात घ्या. मालावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो. हे केलं नाही तर पांढरी बाटली पुढे आली की सगळं चित्र काळवंडतं. १०८० पीचा एक मिनिट साधारण १०० ते १३० एमबी जागा खातो, आधी फोन रिकामा करा.

बाहेर चित्रण करायचं तर सकाळी. दिवस चढला की समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि माइकमध्ये फडफड येते. रात्रीचे मतलई वारे पडून खारे वारे सुरू व्हायच्या मधला सकाळचा वेळ सगळ्यात शांत. माइकला फोमची टोपी लावाच. जोराच्या वाऱ्याला केसाळ टोपी लागते. एसी गाडीतून किंवा खोलीतून फोन बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, ती पुसत बसू नका, पंधरा-वीस मिनिटं फोन बाहेर राहू द्या. किनाऱ्यावरून आल्यावर लेन्स पंच्याने कोरडी घासू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी फुंकर, मग किंचित ओल्या मऊ कापडाने.

कोकम आगळाचा साठ सेकंदांचा व्हिडिओ असा बेतता येईल. पहिली तीन सेकंदं: बोटांनी फोडलेला पिकलेला रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, अगदी जवळून, लालजांभळा रस मनगटावर ओघळतोय, शब्द नाहीत. पुढची सात सेकंदं माणूस कॅमेऱ्यासमोर: "हे आमच्या घरचं कोकम आगळ. रातांब्याचा रस आणि मीठ, बाकी काही नाही." मग वीस सेकंदं काम: रातांबे धुणं, बिया काढणं, मिठाचा थर देणं, रस गाळणं, प्रत्येक दृश्य चार-पाच सेकंदं, फोन न हलवता. मग पंधरा सेकंदं वापर: दोन चमचे आगळ ग्लासात, नारळाचं दूध, ठेचलेली लसूण-मिरची, सोलकढीचा गुलाबी रंग चढताना. उरलेली पंधरा सेकंदं बाटली, तिच्यावरचं लेबल वाचता येईल इतक्या जवळून, आणि तोंडाने: किती मिलिलिटर, किंमत, पार्सल किती दिवसांत, ऑर्डरचा नंबर. नंबर पडद्यावरही लिहा.

साठ सेकंदांत साधारण १२० शब्द मावतात, पण वरच्या व्हिडिओला सत्तर-ऐंशी पुरतात. उरलेली जागा ओतण्याचा, रस गाळण्याचा आवाज भरून काढतो. त्यावर गाणं चढवू नका.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ साधा पाठवला तर तो दाबला जातो आणि लेबलवरची अक्षरं विरघळतात. खरेदीदाराला पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून जोडा. स्टेटस आणि रीलसाठी फोन उभा, बँक किंवा खरेदीदारासाठी आडवा.

होमस्टेवाल्यांसाठी थोडं

व्हिडिओ रस्त्यावरून सुरू करा: मुख्य रस्त्याचं वळण, गाडी उभी करायची जागा, पायऱ्या असतील तर किती. मग खोली, पलंग, बाथरूम नळ उघडून, गरम पाण्याची सोय. मग जेवणाचं ताट. समुद्र शेवटी, आणि घरापासून चालत किती मिनिटं ते खरं सांगून. "पाच मिनिटांवर" म्हणून पंधरा मिनिटं चालायला लावलं की त्याचा शेरा ऑनलाइन कायमचा बसतो. पावसाळ्यात समुद्रात उतरू देत नाही, हेही व्हिडिओतच सांगा.

सराव

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि तीन वेळा तपासा. एकदा फक्त ऐका, पडदा पालथा ठेवून: "म्हणजे काय की", "ॲक्च्युअली", "बरं का" किती वेळा आलं, वाक्याचा शेवट गिळला जातो का. एकदा आवाज बंद करून बघा: हात, मान, नजर. मग दोन्ही एकत्र. पहिल्या वेळी स्वतःचा आवाज परका वाटतो, सगळ्यांनाच वाटतो. पाठ करू नका. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा, मधले मुद्दे चार शब्दांत लिहून लेन्सच्या शेजारी चिकटवा. धंद्यातलं काही माहीत नसलेल्या माणसाला ऐकवून विचारा, "मी काय विकतोय आणि केवढ्याला?" त्याला सांगता आलं नाही तर पहिली दोन वाक्यं बदला.

बोलणं झाल्यावर

त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, लेखी निरोप पाठवा. "शेठ, आजच्या बोलण्याप्रमाणे: हापूस, २५० ग्रॅमच्या वरचं फळ, पाच डझनी ५० पेट्या, ठरलेला दर, माल १८ एप्रिलला रात्री गाडीत, वाहतूक तुमच्याकडे, निम्मे पैसे आगाऊ. काही वेगळं असेल तर आज कळवा." फोन नंबरसकट सही. हे लिहिलं नाही तर वाहतूक कोणाकडे यावरून वाद होतो, आणि तो नेमका गाडी भरताना होतो.

बँकेच्या बाबतीत अधिकाऱ्याने मागितलेल्या कागदांची यादी परत त्यांनाच लिहून पाठवा, कोणता कागद कधी आणतो त्या तारखांसह. व्हिडिओ आणि फोटोंच्या फायलींना माल, वजन आणि तारीख अशी नावं द्या. हंगामात एकाच दिवशी चौघे नमुना मागतात, तेव्हा "व्हीआयडी" ने सुरू होणाऱ्या दोनशे फायलींतून नेमकी हवी ती सापडत नाही आणि घाईत मागच्या वर्षीचा माल पाठवला जातो.